दोन लेन्स आणि शिवलेली टेप

४ मार्च, सोमवार

तीन वर्षांनी ही वही उघडली. मधली कोरी पानं तशीच सोडून इथून सुरू करतो.

आज दोन गोष्टी आल्या. सकाळी ब्रशच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन. रंगकामाचे आणि चित्रकारांचे ब्रश हाताने बनवणारा तो जुना कारखाना तीस तारखेला कायमचा बंद होतोय. तिथल्या तेहतीस माणसांचे फोटो काढायचे, प्रत्येकाचा त्याच्या बाकावर, हातातल्या कामासकट, आणि त्याचं पुस्तक करायचं. प्रत्येक कामगाराला एक प्रत. "मोबाइलवर सगळेच काढतात. मला तुमचे फिल्मवरचे हवेत," असं बाई म्हणाल्या.

मी एकतीस वर्षं ओळखपत्रांचे फोटो काढले. अर्ध्या गावाच्या माना मी सरळ केल्यात. पण पुस्तक, आणि तेही माझ्या नावाचं? फोन ठेवल्यावर मी उगाचच जाऊन तोंड धुऊन आलो.

दुपारी लेकीचं पार्सल. मला साठावं लागलं म्हणून तिने माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला बसणारी नवी कोरी लेन्स पाठवलीय. सोबत चिठ्ठी: "बाबा, काकांच्या लेन्सला आता आराम दे."

काका म्हणजे माझा दादा. स्टुडिओ मूळचा त्याचा आणि जुनी लेन्सही त्याचीच. पितळेची आहे, कडेचा काळा रंग उडून सोनेरी दिसायला लागलीय. दादाने बासष्टाव्या वर्षी एका सकाळी कॅमेरा टेबलावर ठेवला, "मन लागत नाही" म्हणाला आणि पुन्हा हात म्हणून लावला नाही. वहिनीने किती मनधरणी केली! नंतरची नऊ वर्षं खिडकीशी रेडिओ ऐकत बसून काढली. जाऊनही आता सहा वर्षं झाली. विक्षिप्तच होता.

तेहतीस माणसं, चार आठवडे. तीस तारखेनंतर त्या बाकांवर कोणी असणार नाही, म्हणजे चुकलेला फोटो पुन्हा काढता येणार नाही. हे डोक्यात आलं आणि चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतला. बायको म्हणाली, "कप इकडे आहे." हे नवे कप भलतेच बुटके आहेत.

५ मार्च, मंगळवार

दोन्ही लेन्सची घरीच परीक्षा घेतली. भिंतीपासून थोडं पुढे दोरीवर वर्तमानपत्र लटकवलं, समोर दीड मीटरवर उभा राहिलो. आधी जुनी, मग नवी.

रेंजफाइंडरची गंमत अशी की यात लेन्समधून दिसतच नाही. वर कोपऱ्यात एक छोटी खिडकी, तिच्या मधोमध फिकट चौकोन. त्या चौकोनात वस्तू दोन-दोन दिसते. लेन्सचं कडं फिरवत जायचं, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. मी नेहमी लांबून जवळ फिरवत येतो आणि जुळलं की थांबतो.

जुनीला खाली बोटासाठी एक खुंटी आहे. ती सरळ जमिनीकडे आली की दीड मीटर. एकतीस वर्षं गिऱ्हाइकाचं स्टूल आणि माझे पाय यांच्यात तेवढंच अंतर होतं, त्यामुळे बोट आपोआप तिथे जाऊन थांबतं. नवीला खुंटी नाही, नुसतं खाचांचं कडं. शिवाय ती जाडजूड, पुढे आलेली. खिडकीचा एक कोपरा झाकून टाकते. सगळं मळकट दिसतं. मऊ फडक्याने खिडकी चार वेळा पुसली.

संध्याकाळी फिल्म धुतली. जुनीत बातम्या वाचता येतात. नवीत अक्षरं फुगलेली, आणि बाजूला अर्धा मीटर मागे असलेल्या पडद्याची वीण मात्र स्पष्ट. लेकीला काय सांगू? "पोचली, छान आहे," एवढं कळवलं. खोटं काही नाही त्यात.

८ मार्च, शुक्रवार

कारखान्यात पहिला दिवस. एक लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना बाक आणि बाकांमागे छतापर्यंत खिडक्या. एका टोकाला ब्रशचे केस विंचरून त्यांच्या जुड्या बांधतात, मग पत्र्याची नळी, मग लाकडी दांडा, आणि शेवटी रंगात बुडवलेले दांडे लाकडी घोड्यांवर ओळीने वाळत टांगतात. हवेत डिंकाचा आणि रोगणाचा वास.

मुकादम माझ्याहून उंच आणि माझ्याहून अबोल आहेत. सगळ्यांची ओळख करून दिली आणि म्हणाले, "फोटोवाले, आमच्या कामात अडथळा आणू नका, म्हणजे आम्ही तुमच्या आणणार नाही." मला माणूस आवडला.

शेवटच्या खिडकीशी एक म्हातारी बसते. चित्रकारांच्या बारीक ब्रशांना टोक काढणं हे तिचं काम. सगळे तिला टोकमावशी म्हणतात. केस पाण्यात भिजवते, ओठांत धरून टोक करते आणि जिभेच्या शेंड्याला एकही केस वेगळा लागला तर तो चिमट्याने उपटते. हे करताना डोळे मिटलेले असतात. मी विचारलं, "मावशी, बघत नाही?" तर म्हणाली, "बघून कळलं असतं तर ओठाला का त्रास दिला असता?"

जुन्या लेन्सने नऊ जणांचे फोटो काढले.

९ मार्च, शनिवार

फिल्म वाळली. भुवईचे केस मोजून घ्यावेत इतकं सगळं रेखीव आहे. पण ज्यांच्या पाठीमागे खिडकी होती त्यांच्यावर दुधाचा भांडंभर फेस ओतल्यासारखं झालंय. लेन्स बल्बसमोर धरली तर आत बुरशीची जाळी दिसते. म्हातारी झाली बिचारी. नऊपैकी चार जण चांगले आले, कारण ते दाराच्या बाजूला बसतात. बाकी एकोणतीस जणांच्या मागे खिडक्याच खिडक्या.

म्हणजे जुनी अचूक आहे पण उजेडासमोर पांढरी पडते. नवी उजेड पचवते पण नेम चुकवते. एक म्हातारा आणि एक तरणा, दोघांत मिळून एक कामाचा गडी होतो.

तरी नवीला संधी द्यायची ठरवली. वर्तमानपत्र लटकत होतं, हललं असेल.

११ मार्च, सोमवार

नवीने सहा जण काढले. प्रत्येकाला चार-चार फ्रेम. मुकादमांना वाळणाऱ्या दांड्यांसमोर उभं केलं. मी चष्मा घरी विसरलो होतो, तो घेऊन बायको तिथेच आली. मुकादमांच्या मागे घोड्याशी उभी राहिली. मी म्हटलं, "बाजूला हो," पण तोवर चार फ्रेम झाल्या होत्या. तिचं काय ते अधूनमधून मला न्याहाळत बसणं चालूच असतं आजकाल.

निघताना दालनाच्या पायरीचा अंदाज चुकला आणि उजवा खांदा दाराला आपटला. त्यांची दारं अरुंद आहेत.

१२ मार्च, मंगळवार

सगळं वाया. सहाच्या सहा चेहरे पुसट, मागचा पसारा स्वच्छ. भिंग लावून मुकादमांचा चेहरा पाहिला, नाक कुठे संपतं तेही कळत नाही. पुढे काही बघितलंच नाही. सगळ्या फ्रेमचे छोटे ठसे असतात त्या काँटॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीने आडवी फुली मारली आणि पाकिटात कोंबली.

मनात नको ते येतंय. मालकीणबाईंना फोन करावा, सांगावं की माझ्याच्याने होणार नाही, कोणीतरी तरुण बघा. कॅमेरा हातात घेतला की पूर्वीसारखं मनही लागत नाही.

१३ मार्च, बुधवार

चिमट्याकडे गेलो. चिमटा म्हणजे माझा कॅमेरादुरुस्तीवाला मित्र. तीस वर्षांची ओळख, पण त्याच्या हातात चिमटा नाही असं मी त्याला लग्नातही पाहिलेलं नाही. मी सगळी कैफियत सांगितली: लेन्स बिघडलेली आहे, नाहीतर कॅमेरा, पण एक काहीतरी नक्की.

त्याने फिल्मच्या जागी घासलेली काच लावली, लेन्स चढवली, समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर नेम धरला, भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. जुनी चढवून पाहिली.

"दोन्ही बरोबर आहेत."

"शक्य नाही."

"लेका, केसाचाही फरक नाही. तू बघ."

मी पाहिलं. मला खिडकी मळकीच दिसली. त्याला म्हटलं, "आधी ही नीट साफ कर." त्याने माझ्यासमोर उघडून साफ केली आणि कॅमेरा परत दिला. "त्या भिंतीवरचं कॅलेंडर बघ यातून. आज काय वार आहे?"

"बुधवार. ते काय कॅलेंडरमध्ये बघायला हवं?"

तो हसला नाही. एरवी असल्या उत्तरावर त्याने चिमटा टाकून टाळी दिली असती. म्हणाला, "एक कर. नव्या लेन्सच्या कड्यावर मीटरचे आकडे आहेत ना? खिडकीतून जुळवत बसू नकोस. टेपने अंतर मोज आणि तो आकडा लाव. सिनेमावाले तसंच करतात. महिनाभर असंच कर, मग बघू."

लेन्सची खोट शोधायची ही पद्धत मला पटली. आकड्यानेही चुकली तर लेन्स दोषी. चिमटा हुशार आहे.

घरी पोचलो तेव्हा बायको फोनवर बोलत होती. मला पाहून "ठेवते भाऊजी" म्हणाली. भाऊजी ती फक्त चिमट्याला म्हणते. विचारलं तर म्हणे, त्याच्या बायकोला ब्लाउज शिवून हवाय.

१५ मार्च, शुक्रवार

टेप धरायला दुसरं माणूस लागणार. बायको आपणहून म्हणाली, "मी येते की." चौतीस वर्षांत तिने माझ्या कामात कधी रस घेतला नव्हता. अंधाऱ्या खोलीच्या वासाने तिचं डोकं दुखतं. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

तिची शिवणाची टेप दीड मीटरचीच. तर तिने दोन टेपा टोकाला टोक लावून मशीनवर शिवल्या. दीडशेनंतर पुन्हा एकपासून आकडे सुरू होतात, तेव्हा बेरीज करावी लागते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल आणि त्यातून जाणारी रेघ असते. फिल्म बरोबर तिथे असते, म्हणून मोजायचं तिथून. हे तिला एकदा सांगितलं आणि तिला पाठ झालं.

१८ मार्च, सोमवार

टेपने सात जण. मुकादम पुन्हा. बायको टेपचं टोक त्यांच्या डोळ्याजवळ नेते, म्हणते "दीडशे आणि दहा," मी कडं एक-साठवर ठेवतो. बोलणारा मी नाही, बोलते तीच. मुकादमांना म्हणाली, "अहो, श्वास घ्या, मी माप घेतेय, पण शर्ट शिवायचा नाहीये." मुकादम हसले! त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले, आणि कॅमेऱ्याने पण.

फिल्म धुतली. सातही अचूक. खिडक्या मागे असूनही सगळं स्वच्छ, डिंकाचे वाळलेले थेंबसुद्धा.

म्हणजे लेन्स निर्दोष. मग खिडकीतून का चुकते? कॅमेऱ्यातच खोट असणार. पण जुनीत तो चुकत नाही. डोकं चालत नाहीये माझं. जाऊ दे, फोटो येताहेत.

२२ मार्च, शुक्रवार

एकूण सव्वीस झाले. बायको आता सगळ्यांची आहे. केस विंचरणाऱ्या बायका तिला वहिनी म्हणतात, मला अजून फोटोवाले. घरी येताना रस्ता ओलांडताना ती माझ्या उजव्या बाजूने चालते आणि कोपर धरते. लग्नानंतर पहिल्या वर्षी असं चालायची. साठीत मला पुन्हा भाव आलाय.

आज तिला म्हटलं, "जमलं की नाही पुस्तक?" ती म्हणाली, "तीस तारीख होऊ द्या नीट." तिच्या आवाजात जरा जास्तच काळजी होती. मला वाटलं, तिलाही पुस्तकाची ओढ लागलीय.

२५ मार्च, सोमवार

आजचा दिवस वाईट.

टोकमावशीचा फोटो शेवटासाठी राखून ठेवला होता, कारण तिच्यामागची खिडकी सगळ्यांत मोठी. आज नुसता अंदाज घ्यायला तिच्यासमोर वाकलो. तिने ब्रश खाली ठेवला, माझी हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली.

"भाऊ, हा उजवा डोळा कधीपासून असा?"

"असा म्हणजे कसा?"

"पांढुरका. आमच्या ह्यांचा असाच झाला होता. मोतीबिंदू आहे. दाखवलात का कुणाला?"

मी तिचा हात झटकला. "मावशी, तुम्ही तुमचं टोक सांभाळा. माझे डोळे शाबूत आहेत. त्यांच्यावर तर जगलो आजवर."

बायको टेप गुंडाळत राहिली. तिने मावशीला थांबवायला हवं होतं की नाही? मी सामान भरलं आणि निघालो. येताना तिने कोपर धरलं तेव्हा मी सोडवून घेतलं.

सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचंय. डोळा खराब असता तर मला कळलं नसतं? मी पेपर वाचतो, फिल्म धुतो, लेकीचं अक्षर वाचतो.

२६ मार्च, मंगळवार

सकाळी दाढी करताना साबण डाव्या डोळ्यात गेला. झोंबला म्हणून मी तो घट्ट मिटला आणि आरशात पाहिलं तर आरशावर वाफ. हाताने पुसली. तरी वाफ. टॉवेलने पुसली. तिसऱ्यांदा पुसताना लक्षात आलं की पाणी गारच घेतलं होतं.

तसाच उभा राहिलो, एक डोळा मिटून. माझा चेहरा म्हणजे साबण लागलेलं काहीतरी होतं, त्याला नाकडोळे नव्हते.

मग बाहेर येऊन कॅमेरा घेतला. आयुष्यभर उजवा डोळा लावला, आज डावा लावला. नाक मध्ये येतं, अंगठा गालात रुततो. पण चौकोन लख्ख होता. बायको खिडकीशी मशीनवर काहीतरी शिवत होती, ती त्यात दोन-दोन दिसली आणि मी कडं फिरवलं तशी एक झाली. खिडकी कधी मळकी नव्हतीच, आणि जुनी लेन्स चुकत नव्हती कारण तिथे डोळा नाही, खुंटीवरचं बोट जुळवत होतं. एकट्या उजव्या डोळ्याने मी फक्त कॅमेऱ्यातच बघतो. एरवी डावा त्याचं काम करून टाकतो आणि मला सांगत नाही.

किती जणांना दोष दिला मी! लेन्सला, खिडकीला, कॅमेऱ्याला, कपांना, दारांना.

भीती वाटते. हे लिहायला लाज नाही. मला दुसरं काही येत नाही. डोळा गेला तर मी कोण? आणि पहिल्यांदा आज दादाला समोर आणून बसवलं. बासष्टाव्या वर्षी कॅमेरा खाली ठेवणारा, रेडिओ ऐकणारा, पेपर वहिनीला मोठ्याने वाचायला लावणारा दादा. आम्ही म्हणायचो, आळशी झालाय, तऱ्हेवाईक झालाय. कोणीही त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली नाही. मीही नाही. मी तर त्याचा भाऊ आणि त्याच्याच शेजारच्या कॅमेऱ्यावर उभा.

बायकोला जाऊन म्हटलं, "मला उजव्या डोळ्याने दिसत नाही." तिने मशीन थांबवलं. "उद्या सकाळी साडेदहाची वेळ घेतलीय," ती म्हणाली. घेतलीय! केव्हाच!

२७ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्या. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू, डाव्यात नुकती सुरुवात. "दोन-तीन वर्षांपासून वाढत असणार. तुम्हाला जाणवलं नाही?" मी म्हटलं, "मला वाटलं लेन्स खराब आहे." त्या म्हणाल्या, "बरोबरच वाटलं. खराब लेन्सच आहे, फक्त आतली. काढून नवी बसवू." नऊ एप्रिलला ऑपरेशन. तोपर्यंत थांबायला हरकत नाही.

बाहेर बाकड्यावर बसून बायकोला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"संशय होता. चिमटाभाऊजींचा फोन आला तेव्हा खात्री झाली. दुसऱ्याच दिवशी इथे येऊन विचारलं, महिनाभर थांबलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, मोतीबिंदूच असेल तर चालेल."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार? वहिनींनी सांगितलं होतं दादांना. म्हणाल्या होत्या, डोळे दाखवून या. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. मला तुमचा कॅमेरा खाली ठेवायचा नव्हता. आधी तेहतीस माणसं होऊ देत म्हटलं, मग काय भांडायचं ते भांडू."

वहिनीने सांगितलं होतं, हे मला आज कळलं. मला राग येणार होता, तयारीही केली होती. पण ती शेजारी बसून पर्समध्ये टेपची गुंडाळी बोटाने घट्ट करत होती आणि मला नुसतं रडू आलं. तिकडे बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नसेल.

३० मार्च, शनिवार

शेवटचा दिवस. राहिलेले सहा जण मागच्या दोन दिवसांत झाले होते. आज फक्त टोकमावशी.

दाराशीच मुकादम म्हणाले, "मावशी सकाळपासून बसल्यात, उठत नाहीत. म्हणतात, फोटोवाले येणार."

मी तिच्यासमोर जाऊन हात जोडले. "मावशी, चुकलो. तुम्ही म्हणालात तेच निघालं. नऊ तारखेला ऑपरेशन आहे."

"मग छान. आमचे हे ऑपरेशननंतर घरी आले आणि मला म्हणाले, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" सगळा बाक हसला. "आता नीट काढा. आणि नाही दिसलं तर हाताने काढा. मी काय करते आयुष्यभर?"

नवी लेन्स लावली. बायकोने टेप धरली. "एकशेवीस," ती म्हणाली. मी आकडा लावला, मग डाव्या डोळ्याने चौकोनात तपासलं. तिचा आकडा बरोबर होता. मावशीने डोळे मिटून ब्रश ओठांत धरला आणि मागची एवढी थोरली खिडकी तिच्याभोवती जशीच्या तशी उजळत राहिली.

नंतर बाक रिकामे झाले. घोड्यावर दांडे वाळत होते ते तसेच राहिले.

१२ एप्रिल, शुक्रवार

पट्टी निघून दोन दिवस झाले. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, फिल्म धुवायची नाही. लिहायला परवानगी मागितली नाही, म्हणजे नाही म्हणता येणार नाही.

भिंती पांढऱ्या आहेत! मी समजत होतो बायकोने रंग देताना मलईचा निवडलाय. डावा डोळा मिटला की पांढऱ्या, उजवा मिटला की पिवळट. दिवसभर हाच खेळ. बायकोकडेही एका डोळ्याने पाहिलं. ती म्हणाली, "मावशीच्या नवऱ्यासारखं काही बोलाल तर जेवण स्वतः करा." मी काही बोललो नाही. पण तिच्या कानाशी इतके पांढरे केस आहेत हे मला ठाऊक नव्हतं, आणि डोळ्यांखाली काळं, तेही मार्चमधलंच असणार.

१७ एप्रिल, बुधवार

पुस्तकासाठी फोटो निवडायला बसलो. जुन्या लेन्सचे चार, नवीचे एकोणतीस. आकडा जुळला. मालकीणबाईंनी परवा मावशीचा प्रिंट पाहिला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

सगळं आवरताना ते लाल फुलीचं पाकीट सापडलं. अकरा मार्चची सहा माणसं, वाया गेलेली. टाकून देण्याआधी एकदा भिंग लावलं, यावेळी उजव्या डोळ्याला.

मुकादमांची तिसरी फ्रेम. पुढे ते, धुक्यातले. त्यांच्या खांद्यामागे घोड्यावरचे दांडे, एकेक मोजता येईल असे, आणि त्या दांड्यांशेजारी बायको. माझा चष्मा हातात घट्ट धरून उभी. पापणीन् पापणी स्पष्ट. ती मुकादमांकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. माझ्याकडे बघतेय. आपलं माणूस रस्त्याच्या मधोमध उभं आहे आणि हाक मारावी तर दचकेल, अशा वेळी बघतात तशी.

म्हणजे तेव्हाच. चिमट्याच्या फोनच्या दोन दिवस आधी. आणि मी तिला म्हटलं होतं, बाजूला हो.

खूप वेळ भिंग उचललं नाही. वाकून बसायचं नाही हे विसरलो.

दुपारी त्या फ्रेमचा प्रिंट चिमट्याकडून करून घेतला आणि तिच्या मशीनशेजारी ठेवला. तिने हात पुसून उचलला.

"हा तर बिघडलेला ना? मुकादम हलले वाटतं."

"मुकादम नाही हलले. फोकस जिथे हवा तिथे आहे."

तिने पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "किती वेंधळी दिसतेय मी. असला फोटो ठेवतात का कोणी? नीट काढा एक."

"कोणती लेन्स लावू? जुनीत सुरकुत्या दिसणार नाहीत, सगळं दुधाळ येईल."

"आणि नवीत?"

"नवीत सगळं दिसेल."

ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. केस मागे घेतले, मग तसेच राहू दिले. "दिसू दे," म्हणाली.

मी नवी चढवली. कॅमेरा डोळ्याला लावणार तोच तिने सवयीने पर्समधून टेप काढली, एक टोक स्वतःच्या डोळ्याखाली धरलं आणि गुंडाळी माझ्याकडे टाकली. आता तिची गरज नव्हती, उजव्या डोळ्याला चौकोन आरशासारखा दिसत होता. तरी मी टेप कॅमेऱ्याच्या रेघेपर्यंत ताणली आणि आकडा मोठ्याने वाचला. एकशे वीस. कडं तिथे ठेवलं. मग खिडकीतून पाहिलं, तर चौकोनात ती एकच होती.